पिशवीचं ऑपरेशन

मला जो रोग झाला होता त्याचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. मीही नाही. कॅन्सर होता हे एक, आणि कुठे होता हे दुसरं. पोटात नाही, छातीत नाही. खाली, बाहेरच्या बाजूला, लघवीच्या वाटेजवळ. त्या जागेला पुस्तकात शब्द आहेत पण ते कुणी उच्चारत नाही, आणि लोक जो उच्चारतात तो भांडणात. म्हणून मी 'खाली' एवढंच म्हणत आले. डॉक्टरही 'खाली'च म्हणायचे.

नव्वदच्या आगेमागे आम्ही पाचोऱ्याला राहत होतो. मालक कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. मी पुढच्या खोलीत दोन मशिनी टाकून ब्लाउज, परकर, मुलींचे पंजाबी ड्रेस शिवायची. लग्नसराईत सकाळी बसले की जेवणापुरती उठायची. तिथे खाज सुटायची ती बसून बसून घामानं, असं मी धरून चालले. खाजेचं मलम लावलं. कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलं. असं दीड-दोन वर्षं केलं. गल्लीतल्या प्रत्येक बाईचं माप माझ्या वहीत होतं, कुणाची छाती एका बाजूला लहान, कुणाच्या काखेत गाठ, सगळं मला ठाऊक. दोघींना मी स्वतः डॉक्टरकडे धाडलं होतं. आणि माझ्या अंगावर हरभऱ्याएवढी गाठ आली, तिची जखम झाली, ती वाहायला लागली, तरी मी आरसा घेऊन एकदा बघितलं नाही.

शेवटी गावातल्या लेडी डॉक्टरकडे गेले. तिनं तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या बाई. माझ्या दवाखान्यासमोरून रोज भाजी घेऊन जात होतात." मी म्हटलं, "हो."

जळगावला ऑपरेशन ठरलं. लोकांना काय सांगायचं हा प्रश्न आला, आणि पिशवीचं सांगू, हे मीच म्हणाले. चाळिशी उलटलेल्या निम्म्या बायकांची पिशवी काढलेली असते. त्यात कुणाला काही विचारावंसं वाटत नाही, उलट ज्यांची काढलेली असते त्या आपलंच सांगत बसतात.

लपवण्याचं कारण मुलगी. ती जळगावला होस्टेलवर राहून कॉलेजात शिकत होती. दोंडाईच्याचं स्थळ आलं होतं, मिरचीच्या व्यापारातलं घर, मुलगा सरळ. मार्गशीर्षात सुपारी फुटली होती आणि लग्न वैशाखात धरलं होतं. आमच्या मागच्या गल्लीत एका बाईला छातीचा झाला होता. तिचं ताट-तांब्या वेगळं ठेवलं होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिच्या मुलीची फुटलेली सुपारी परत आली होती हेही. आईला झाला म्हणजे लेकीला होणार, लेकीला झाला म्हणजे आमच्या घरात येणार, असा लोकांचा हिशेब. तो चूक आहे हे सांगायला कुणाकुणाच्या दारात जाणार? त्यापेक्षा पिशवी बरी.

मुलीला खरं सांगावंच लागलं, कारण दवाखान्यात डबा तीच आणणार होती. तिला म्हटलं, "कुणाला बोलायचं नाही. मैत्रिणीला नाही, मास्तरणीला नाही." तिनं मान हलवली. घरात माझी नणंद होती, विधवा, मालकांपेक्षा मोठी, तिला सगळे अक्का म्हणायचे. अक्काला पिशवीच सांगितली. अक्काच्या पोटात काही राहत नव्हतं. सकाळी सांगितलेलं दुपारी गिरणीवर पोचायचं.

पहिल्या ऑपरेशनात त्यांनी रोगाची जागा सगळी काढली, जांघेतल्या गाठी काढल्या, आणि जे उरलं ते ओढून शिवलं. आठव्या दिवशी टाके उसवले. मला आश्चर्य वाटलं नाही. एवढं कापून काढल्यावर कापड पुरणार कसं? हाताची ओंजळ मावेल एवढी जखम उघडी पडली. घरी टाके पिकले एवढंच कळवलं. महिनाभर रोज ड्रेसिंग. ती भरेना.

मग दर पंधरा दिवसांनी नाशिकहून येणारे एक प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी बघितलं. माणूस तरुण होता, बोलायला बरा. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मी शिवणकाम करते.

"काखेत कापड कमी पडलं तर काय करता?" त्यांनी विचारलं.

"ठिगळ लावते."

"ठिगळ तुम्ही वेगळं कापून आणता. मी वेगळं कापणार नाही. मांडीच्या आतल्या अंगाची कातडी, तिच्याखालचं मांस आणि त्याला रक्त देणारी शीर, हे एका टोकाला जोडलेलंच ठेवायचं आणि फिरवून जखमेवर आणायचं. याला फ्लॅप म्हणतात. शीर दाबली गेली, पिळली गेली, की तुकडा मेला."

"आणि मांडीचं काय?"

"मांडी ओढून शिवतो. तिथे कापड सैल असतं."

"पहिल्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं.

ते हसले. मी हसले नाही. कापडाला दुखत नाही, आणि बिघडलं तर गिऱ्हाइकाला नवीन आणून देता येतं. पण त्यांचं काम मला पटलं. ज्या कामात जोडलेलं ठेवून फिरवायचं असतं ते काम घाईचं नसतं, आणि घाई न करणारा माणूस मला चालतो.

ऑपरेशन पाच तास चाललं. नंतर तीन आठवडे मी पाठीवर होते, गुडघ्यांत उशी, पाय पट्टीनं बांधलेले, लघवीला नळी. पहिले काही दिवस सिस्टर दर दोन तासांनी यायची आणि त्या तुकड्यावर बोट दाबून बघायची. दाबलं की पांढरं व्हायला पाहिजे आणि सोडलं की गुलाबी.

"गुलाबी आहे, मावशी. जगतोय."

"कोण?"

"फ्लॅप हो."

सगळे त्याच्याबद्दल असंच बोलायचे. आज कसा आहे, रंग बरा आहे, खालचं टोक जरा निळसर वाटतंय, नाही नाही, ठीक आहे. मला कुणी विचारायचं नाही. माझं मलाही त्यात काही वाटत नव्हतं, कारण खरोखरच काही वाटत नव्हतं. सिस्टर बोट दाबायची ते मला फक्त दिसायचं. कळायचं नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला आणि मालकांना समोर घेऊन सांगितलं. मालक उभे, मी स्ट्रेचरवर. "त्या जागेला गरम-गार कळणार नाही. वर्षानं कळेल थोडं, कदाचित नाहीच कळणार. पोळलं तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, ऊन पाण्यात बसणं नाही. दोन महिने बसायचं नाही. झोपायचं किंवा उभं राहायचं. एवढं केलंत तर पावसाळ्यात मशीनवर बसाल."

मी ते तीनदा मनात म्हटलं. मला ते नीट कळलं होतं. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं नाही.

घरी मधल्या खोलीत सुतळीची बाज टाकली होती. त्यावर दोन गोधड्या. अक्का चोवीस तास माझ्या उशाशी. तिला माझ्यावर रागच होता, कारण मी शेक घेत नव्हते. "पिशवी काढेल शे, मंग शेक देवाच पडी," हे तिच्या अहिराणीत दिवसातून चार वेळा. मी "डॉक्टर नको म्हणतात" म्हणायची आणि कूस वळवायची. अक्काला असं आठ दिवस थोपवलं. अक्काला थोपवता येत होतं, ती घरचीच.

चैत्र लागला आणि दोंडाईच्याहून पोस्टकार्ड आलं की विहीणबाई बघायला येत आहेत. जळगावला गाडी बदलून दुपारी पाचोऱ्याला. एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी परत.

मालकांना मी म्हटलं, "घरी थांबा त्या दिवशी."

"मी थांबून काय करू? बायकांत बसू?"

ते त्यांना स्टेशनवरून घेऊन आले, चहा घेतला आणि जिनिंगला गेले.

विहीणबाई उंच, हाडापेरानं मोठ्या, आवाज मोकळा. डिंकाचे लाडू डबाभरून आणले होते. आल्या आल्या बाजेजवळ बसल्या आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. "झोपा, झोपा. उठू नका. टाके ओढतील. दाखवा बरं, उभा चिरा दिला का आडवा? माझा उभा होता. दोन वर्षं परकराची नाडी बांधता आली नाही मला." आणि त्यांनी माझा पदर बाजूला करायला हात पुढे केला.

पोटावर चिरा नव्हताच. मी पदर धरला. "पोटावर नाही हो. खालून काढली."

तसं करतातही. मी ते ऐकून होते, म्हणून वेळेवर सुचलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

"खालून?" विहीणबाई सरळ बसल्या. "मग तर शेक पाहिजेच. खालून काढली म्हणजे बाळंतपणच झालं की ते. पोर नाही एवढंच."

अक्काला कुणीतरी आपलं माणूस भेटलं. "मी हाईच सांगी ऱ्हायनू," ती म्हणाली, "ती ऐकस तव्हय ना. शेक देवाशिवाय आंगना वारा कसा जाई?"

"डॉक्टरांनी नको सांगितलंय," मी म्हटलं.

"डॉक्टर बाई का बाप्या?"

"बाप्या."

"मग त्याला काय डोंबल कळतंय."

दोघी हसल्या. मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते.

"उन्हाळा आहे हो केवढा. बाहेर बघा ना, रस्त्यावर कुत्रं नाही."

"उन्हाळा बाहेर आहे. अंगात गारठाच असतो. मी चाळीस दिवस घेतला शेक. बघा माझ्याकडे. हातपाय चालतात का नाही? माझी जाऊ नको नको म्हणत राहिली, ती आता जिना चढताना भिंत धरते. आणि तुम्हाला तर वैशाखात लग्नात उभं राहायचंय."

त्यांनी लाडू माझ्या हातात दिला. तो खाऊन होईपर्यंत मला विचार करायला वेळ होता. नको म्हणायला कारण पाहिजे. खरं कारण एकच, की तिथली कातडी माझ्या मांडीची आहे आणि तिला चटका कळत नाही. ते सांगितलं की मांडीची कातडी तिथे कशाला नेली हे येणार. पिशवी काढताना मांडी कुणी कापत नाही. पहिलं वाक्य बाहेर पडलं की शेवटचंही बाहेर येणार होतं, आणि शेवटच्या वाक्यात सुपारी परत. पोरगी तिकडे जळगावला परीक्षेचा अभ्यास करत होती. मी लाडू संपवला, पाणी प्यायले आणि म्हटलं, "द्या, थोडा वेळ."

अक्कानं बंबातले निखारे घमेल्यात काढले, वर ओवा टाकला. गोधड्या काढल्या. लुगडं मागून सैल करायला लावलं. मी आत घडी घातलेलं सुती कापड होतं तेवढं काढू दिलं नाही. घमेलं बाजेखाली, बरोबर कमरेखाली सरकवलं.

पाठीला आणि बुडाला चांगला चटका बसत होता. तिथे बसला की मी थोडी सरकायची. दुसऱ्या बाजूला बसला की तिकडून सरकायची. असं करत करत जिथे बरं वाटत होतं तिथे स्थिर झाले. जिथे चटका लागत नव्हता तो भाग मी स्वतः मापून निखाऱ्यांवर आणून ठेवला. हे त्या वेळी मला कळायला हवं होतं. कळलं नाही. खरं तर महिना-दीड महिन्यात पहिल्यांदाच पाठीला बरं वाटलं होतं.

विहीणबाई लग्नाचं बोलत होत्या. मानाच्या साड्या कुणाकुणाला, वरमाईला पैठणीच पाहिजे असं काही नाही, मांडव कुठे. मध्येच विचारायच्या, "बरं वाटतंय ना?"

"हो."

"बघा. मी काय म्हणत होते?"

अर्धा तास झाला असेल. संध्याकाळी मालक आले. घरात ओव्याचा धूर होता, घमेलं अजून तिथेच होतं. त्यांनी घमेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्ट्रेचरशेजारी उभं राहून डॉक्टरांचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. विहीणबाई डोक्यावरचा पदर सारखा करून बसल्या होत्या. मालक म्हणाले, "चहा झाला का सगळ्यांचा?" आणि हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या आधी विहीणबाईंनी परत शेक द्यायला लावला. मी तेव्हा अडवू शकले असते का? आदल्या दिवशी काही झालं नाही, दुखलं नाही, म्हणजे काही झालं नसेल, असं मी मनाला सांगितलं. दुखलं नाही म्हणजे काही झालं नाही, हे त्या जागेबाबत खरं नव्हतं. मला ते पाठ होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतलं कापड ओलं लागलं आणि वास आला. अक्का पाण्याला गेली होती. मी हातातला आरसा घेतला आणि बघितलं. तुकड्याच्या खालच्या भागावर फोड येऊन फुटले होते आणि आत कातडं पांढरं, कडक, वाळवलेल्या चामड्यासारखं झालं होतं. बोट दाबलं. पांढरं होतं ते पांढरंच राहिलं.

मालकांनी जीप केली. मागच्या बाकावर आडवी होऊन जळगावला गेले. नाशिकचे ते डॉक्टर आलेले होते हे नशीब.

"शेकलंत?"

"गरम पाणी सांडलं."

त्यांनी माझ्या मांडीची मागची बाजू बघितली. तिथे, जिथे मला कळत होतं आणि मी सरकत होते तिथे, बाजेच्या सुतळीच्या चौकड्या लाल उमटल्या होत्या. "पाणी बाजेच्या विणीनं सांडत नाही, बाई," ते म्हणाले. मालक खिडकीतून बाहेर बघत होते. "तीन आठवडे आम्ही ज्याला जपलं, तो तुम्ही दोन दिवसांत भाजून आणलात." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

निम्मा फ्लॅप काढून टाकावा लागला. परत ड्रेसिंग, परत भरण्याची वाट. पोरगी डबा घेऊन आली आणि तिनं काय झालं विचारलं, तेव्हा तिलाही मी पाणीच सांडलं सांगितलं. तिच्या सासूचं नाव त्यात कशाला घ्यायचं? दुसऱ्या मांडीचा फ्लॅप सहा महिन्यांनी करू, असं डॉक्टर म्हणाले. मी गेले नाही. एकदा फाडून, एकदा उसवून, एकदा भाजून झाल्यावर माझी चौथ्यांदा तयारी नव्हती. जखम पावसाळ्याच्या शेवटी आपली आपण आवळत भरली आणि भरताना सगळं ओढून घेतलं. मला मांडी घालून बसता येत नाही. खुर्चीत एका कुशीवर टेकते, तेही घटकाभर. एक मशीन विकलं. दुसऱ्यावर गल्लीतली एक पोर कामाला ठेवली, मी उभ्यानं बेतून देते.

पण ते नंतरचं. वैशाखात लग्न होतं, आणि जखम तेव्हा उघडी होती.

कन्यादानाला आईबाप पाटावर बसतात. तास-दीड तास, होमासमोर. मला बसणं शक्यच नव्हतं. मालकांनी एकट्यानं बसायचं नाही, जोडी लागते. म्हणून कन्यादान धाकट्या दिरानं आणि जावेनं केलं. लोकांना बीपी सांगितलं. जाऊ माझ्याच हातचा ब्लाउज घालून बसली होती, मानेवर बरोबर बसला होता. पाण्याची धार तिच्या हातावरून माझ्या मुलीच्या हातावर पडली. मी बायकांच्या मागे खांबाला हात देऊन उभी होते, आत कापसाचा गठ्ठा. मुलीनं एकदा मान वर करून शोधलं. मी तिला खुणेनं खाली बघ म्हटलं, भटजी थांबले होते.

"विहीणबाई, बसा की हो," वरमाई मला दिवसभर म्हणत होत्या. "बाळंतिणीसारख्या शेकलात, आता बसायला काय झालं?" बाकीच्या बायका हसायच्या.

लग्न तर झालं. मी मनाला तेच सांगत होते. ज्याच्यासाठी केलं ते झालं.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मुलीला माहेरी आणायला मी दोंडाईच्याला गेले. मालकांना सुटी नव्हती. विहीणबाई ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या, समोर लाल ढीग. खाट होती, मी तिच्या काठाला एका बाजूनं टेकले. मुलगी आत चहा करत होती. विहीणबाईंनी देठ खुडता खुडता, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "तुमचं ते कॅन्सरचं कसं आहे आता?"

मी म्हटलं, "कसलं?"

"आता काय लपवता? लग्नाला वर्ष झालं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या लेकीनं. पोराला पत्र लिहिलं होतं तिनं, तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा. नंतर कळून फसवलं म्हणाल, त्यापेक्षा आत्ताच सांगते, असं. बाकी सगळं लिहिलं होतं, कुठे झाला ते नाही. आम्ही पिशवीचाच धरला."

मिरचीचा खकाणा नाकात जात होता. मी खोकून घेतलं. "मग सुपारी परत का नाही केलीत?"

"पोरगा म्हणाला, करीन तर हीच. मग घरच्या मोठ्यांनी मला पाठवलं, बघून ये म्हणून. तारीख वैशाखात ठेवायची का अलीकडे ओढायची? तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर सुतक, आणि मग वर्षभर थांबणं. मी आले, बघितलं. लाडू खाल्लात, चार शब्द बोललात. म्हटलं, वैशाखापर्यंत काही होत नाही."

त्यांनी हे वाईट मनानं सांगितलं नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं, आणि तो हिशेब मीही केला असता.

"मग शेक कशाला दिलात?"

"अहो, तुम्ही पिशवी म्हणालात. तुम्ही झाकताय आणि मी उघडं करू? पिशवी म्हटलं की पिशवीचं सगळं करायला नको? नुसतीच बसून गेले असते तर तुम्हाला वाटलं असतं, हिला कळलंय. तुमचा मान ठेवला मी."

मी त्यांना सांगितलं. रोग कुठे होता, मांडीतून काय काढून तिथे लावलं होतं, त्या दोन शेकांनी त्यातलं किती गेलं, आणि कन्यादानाला जाऊ का बसली. चार-पाच वाक्यांत झालं. इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते मिरच्यांच्या ढिगासमोर भराभर निघालं. त्यांचे हात थांबले.

"मग ओरडायचं होतं," त्या म्हणाल्या.

"तिथे कळत नव्हतं मला."

"मग नको म्हणायचं."

"म्हटलं होतं."

"डॉक्टर नको म्हणतात, म्हणालात. ते सगळ्यांचेच डॉक्टर म्हणतात. तुम्ही कुठे नको म्हणालात?"

त्यांनी परत देठ खुडायला सुरुवात केली, पण हळू. मग म्हणाल्या, "माझ्या हातून झालं ते." मी म्हटलं, "असू द्या." दुसरं काय म्हणणार? माझी मुलगी त्यांच्या घरात होती.

स्टेशनवर गाडीला उशीर होता. मुलगी बाकावर बसली, मी शेजारी उभी राहिले. मी तिला पत्राचं विचारलं.

"तू म्हणालीस मैत्रिणीला सांगू नको, मास्तरणीला सांगू नको," ती म्हणाली. "त्यांना सांगू नको असं म्हणाली नव्हतीस."

"सांगितलंस हे मला तरी सांगायचं."

"तू सुपारी स्वतःच परत पाठवली असतीस. मला ठाऊक आहे तुझं."

"तू सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी तो शेक घेतला नसता."

"कसला शेक?"

मग तिलाही पहिल्यापासून सांगावं लागलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. शेवटी ती म्हणाली, "आणि मला तू पाणी सांडलं म्हणालीस."

आखाजीला ती आठ दिवस घरी होती. लिंबाला झोका बांधला, सांजोऱ्या केल्या, गल्लीतल्या माहेरवाशिणी गाणी म्हणायला जमल्या. मी तिच्याशी कामापुरतं बोलले. तिचं काही चुकलं नव्हतं, मला ते समजत होतं. तिला परत पाठवताना मी गाडीवर गेले नाही. मालकांना पाठवलं.